अमेरिकेतले गुरांचे लिलाव : खरंच गावोगावी असतात का हे?

पडवीतला_पाहुणा
मंडळी, मध्यंतरी ओमाहाहून माउंट रशमोरला गाडीने गेलो, मुद्दाम इंटरस्टेट टाळून हायवे २० धरला कारण बायकोला नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्या बघायच्या होत्या. टेकड्या झकासच आहेत पण मला आठवतंय ते भलतंच. ॲटकिन्सन, बॅसेट, व्हॅलेंटाइन, गॉर्डन, रशव्हिल, क्रॉफर्ड, अशी पाचशे ते अडीच हजार वस्तीची गावं, जेवायला धड हॉटेल सापडेना, पण गावाच्या टोकाला पत्र्याची मोठ्ठी शेड, मागे लोखंडी पाइपचे कप्पेच कप्पे आणि वर पाटी 'लाइव्हस्टॉक ऑक्शन' नाहीतर 'लाइव्हस्टॉक मार्केट'. आधी वाटलं जुनं बंद पडलेलं काहीतरी असेल, पण बॅसेटला बाहेर पिकअप-ट्रेलरची ही गर्दी!
इतके लिलाव लागतात कशाला? सगळ्या अमेरिकेत असंच आहे का फक्त तिकडे? आणि बाहेरच्या माणसाला आत जाऊन बसता येतं का? इथे कोणी तिकडचं असेल तर सांगा.

चुलत_काउबॉय
आत बसता येतं पण शिंकू नका, म्हैस घेऊन घरी याल :ड

बँकवाला_बाप्या
मी नेब्रास्कातच आहे, शेतीकर्जाचं काम करतो, म्हणजे या शेडवाल्यांशी रोजचा संबंध.
तर हो, भरपूर आहेत. देशभरात हजाराच्या आसपास धरा. पण सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत, आणि तुम्ही गेलात तो पट्टा तर गायींचं माहेरघर. नेब्रास्कात माणसं वीस लाख आणि गुरं साठ लाखांच्या पुढे. व्हॅलेंटाइन ज्या चेरी काउंटीत येतं तिचं क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढं आहे आणि माणसं किती, तर साडेपाच हजार! बाकी सगळं गवत आणि गायी. खाली वाळू असल्यामुळे नांगर घालता येत नाही, घातला की माती उडून जाते, म्हणून तिथे गाय चारणं हाच धंदा.
आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या नाहीतर सगळं गोंधळाचं वाटेल. इथे मांसाच्या गुरांचे दोन वेगळे टप्पे असतात. पहिल्यात शेतकरी गायी सांभाळतो, वसंतात वासरं होतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती आईपासून तोडून पाच-सहाशे पाउंडाची झाली की विकतो. दुसऱ्यात ती वासरं फीडलॉटवर जातात, मका खाऊन तेरा-चौदाशे पाउंडांची किंवा त्याहून जड होतात आणि कत्तलखान्यात जातात. हे लिलाव आहेत ते पहिल्या टप्प्याचे. वासरं, थोडी मोठी झालेली गुरं, गाभण कालवडी आणि भाकड गायी. फीडलॉटमधून तयार होऊन निघालेलं जनावर या शेडमध्ये सहसा येतच नाही, ते थेट पॅकरला म्हणजे कत्तलखान्याच्या कंपनीला जातं, तेही बहुतेक आधी केलेल्या करारावर. त्यामुळे जिथे गुरं सगळ्यात दाट आहेत म्हणजे पश्चिम कॅन्ससचे, टेक्सस पॅनहँडलचे (टेक्ससचं उत्तरेकडचं टोक) फीडलॉट, तिथे शेड त्या मानाने दाट नाहीत. छोटे छोटे गायवाले जिथे जास्त, तिथे शेड जास्त.

नगरी_हिसका
बाप्या भाऊ मस्त माहिती. आमच्याकडं घोडेगावचा म्हशींचा बाजार हाय, काष्टीचा हाय, पण तिथं बोली नसती ओ, सौदा असतो. हेडे लोक रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवत्यात, शेजारच्याला कळत न्हाई किती ला गेलं. तिकडं उघड बोली लागती का? आन अडत कोण भरतं? आन पैसं कधी मिळत्यात ते सांगा आधी, खरं दुखणं तिथंच असतं.

मिसुरीची_माई
उघड बोली भाऊ, एकदम उघड. मी मिसुरीत राहते, नवऱ्याची नोकरी इथे म्हणून आलो आणि आता इथलेच झालो. आमच्याकडे तर बाप्यादादांच्या नेब्रास्कापेक्षाही बारीक बारीक कळप, कोणाच्या वीस गायी कोणाच्या तीस, दिवसा शाळेत नोकरी आणि संध्याकाळी गुरं. म्हणून तासाभराच्या टप्प्यात चार-पाच शेड सहज, आणि प्रत्येकीचा वार ठरलेला, त्यामुळे खरेदी करणारे लोक आज इथे उद्या तिथे असे आठवडाभर फिरत असतात. कार्थेजजवळ आय-४४ ला लागून जॉप्लिनचं स्टॉकयार्ड आहे ते तर गावच वाटतं एखादं.
मी शेजारच्या आजींबरोबर जाते, त्यांची वासरं असतात. आत अर्धगोल रिंगण, तीन बाजूंनी पायऱ्यांवर खुर्च्या, समोर उंचावर लिलाव पुकारणारा आणि त्याच्या बाजूला कॉम्प्युटरवर क्लार्क. रिंगणाची जमीन म्हणजेच वजनकाटा! डावीकडचं दार उघडतं, आठ-दहा वासरं आत, वर बोर्डावर लगेच आकडे, किती नग, एकूण वजन, सरासरी. पुकारणारा एक वाक्य बोलतो, अमक्याची आहेत, साठ दिवस झाले आईपासून तोडून, दोन्ही लशी झाल्यात, आणि मग जी काय सुरू होते त्याची टकळी! अर्ध्या मिनिटात विकून उजवीकडच्या दाराने बाहेर. मागच्या वेळी आजींच्या नऊ काळ्या वासरांमधलं एक जरा लंगडत होतं, रिंगणातल्या माणसाने काठी नुसती आडवी धरली आणि ते एकटं बाजूला झालं, आठ वेगळी विकली आणि ते लंगडं शेवटी एकटं, पाउंडामागे बऱ्याच कमी भावाने. आजी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या, पण पडलेला भाव घेतला. नको असता तर नाही म्हणायचा हक्क होता, मालक तिथल्या तिथे विक्री नाकारू शकतो, वासरू परत ट्रेलरमध्ये.
आणि हो, कॅफे! बाजाराच्या दिवशी तिथलं जेवण म्हणजे रोस्ट बीफ, मॅश्ड पोटॅटो आणि पाय, निम्मी जनता त्यासाठीच येते.

बँकवाला_बाप्या
@नगरी_हिसका, पैशाचं सांगतो, तो माझाच विषय.
अडत विकणाराच भरतो. साधारण तीनेक टक्के, थोडं इकडेतिकडे, काही ठिकाणी टक्केवारी नाही तर डोईमागे ठरलेले डॉलर. पट्टीवर मग यार्डाचं भाडं, चारा, विमा, ब्रँड तपासणीची फी, आणि बीफच्या जाहिरातीसाठी कायद्याने डोईमागे एक डॉलर.
पैसे मात्र वेळेवर. १९२१ चा पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स नावाचा केंद्राचा कायदा आहे, त्यात घेणाऱ्याने पुढच्या कामाच्या दिवसाच्या आत पैसे चुकते करायचे. लिलाववाल्याला बाँड म्हणजे पैशाची हमी द्यावी लागते, शेतकऱ्यांच्या पैशाचं बँकेत वेगळं खातं ठेवावं लागतं, त्यातून स्वतःचा वीजबिलाचा चेकही फाडता येत नाही. प्रत्यक्षात बहुतेक शेडमध्ये वासरं विकून कॅफेत जेवून ऑफिसच्या खिडकीशी गेलं की चेक तयार असतो.
आता यातली गंमत (आमच्यासाठी गंमत, शेतकऱ्यासाठी नाही), गुरांवर कर्ज असेल तर त्या चेकवर दोन नावं असतात, शेतकऱ्याचं आणि बँकेचं. आमची सही झाल्याशिवाय तो वटत नाही. लिलाववाला विक्रीआधी राज्याच्या यादीत बघून घेतो कोणावर कोणाचा बोजा आहे, कारण नाही बघितलं तर तो स्वतः अडकतो. नोव्हेंबरात माझ्या टेबलावर असे चेक घेऊन आलेले लोक टोपी काढून बसलेले असतात. वर्षाचा पगार एकाच कागदावर, आणि त्यातलं किती आपलं हे समोरचा सांगणार.

नगरी_हिसका
आपल्याकडं २०१६ ला भाजीपाल्याची अडत शेतकऱ्यावरनं काढून घेणाऱ्यावर टाकली, तरी कुठं ना कुठं कापत्यातच. पण दुसऱ्या दिवशी पैसं म्हंजे लई झालं राव. आमचा एक व्यापारी दिवाळीचं पैसं पाडव्याला देतो, तेबी गुढीपाडव्याला.

गणिती_गण्या
सगळे फारच प्रेमात पडलेत म्हणून थोडं विरजण घालतो. हा धंदा उतरणीला लागलेला आहे, आणि आजचा नाही.
इतिहास बघा. आधी सगळी गुरं रेल्वेने मोठ्या शहरात जायची. शिकागोचं युनियन स्टॉक यार्ड १८६५ च्या नाताळला उघडलं, जगातलं सगळ्यात मोठं होतं. १९५५ ला ओमाहाने त्याला मागे टाकलं. १९७१ ला शिकागो बंद. कॅन्सस सिटी १९९१ ला बंद. ओमाहा स्वतः १९९९ ला बंद. ट्रक आले, रस्ते झाले, कत्तलखाने शहरातून उठून फीडलॉटजवळ गेले, मग शहरात गुरं आणणार कोण? त्याच ट्रकमुळे गावोगावच्या शेड वाढल्या हे खरं, पण आता पुढचा घाला त्यांच्यावर आहे. १९८७ पासून सुपीरिअरसारख्या लिलाव कंपन्या सॅटेलाइटवर व्हिडिओ लिलाव करतात, आता तर इंटरनेटवर. वासरू रानातच चरतंय आणि तिकडे विकलं गेलं! प्रवास नाही, वजनात घट नाही, दहा कळपांत मिसळून आजार नाही. हुशार रँचवाला शेडमध्ये जाईलच कशाला?
त्यात गुरंच कमी झालीत. २०२५ च्या जानेवारीत देशात ८.७ कोटींच्या आसपास, १९५१ नंतरचा नीचांक. माल कमी, दुकानं तेवढीच, मग काही बंद पडणारच.

बँकवाला_बाप्या
गणिती साहेब, इतिहास बरोबर पण शेवटचं गणित अर्धंच केलंत. व्हिडिओवर विकायला पूर्ण ट्रकचा लॉट लागतो, ट्रक भरतो साधारण पन्नास हजार पाउंडांना, म्हणजे साडेपाचशे पाउंडांची नव्वद वासरं, आणि ती सगळी एकसारखी, एका अंगाची. मोठ्या रँचवाल्याला जमतं, ते तसंच विकतात. पण देशात मांसाच्या गायी पाळणारे सहा लाखांच्या वर लोक आहेत आणि सरासरी कळप पन्नास गायींच्या आतला. अशा बारक्या गायवाल्याची वासरं चाळीस, त्यातले गोऱ्हे वीस, त्यातले दोन लंगडे एक काणा आणि तीन ठेंगणे. त्याने काय व्हिडिओ काढायचा? तो ट्रेलरमध्ये घालून शेडला आणतो, तिथे ऑर्डर बायर नावाचा माणूस बसलेला असतो, फीडलॉटकडून फोनवर ऑर्डर घेऊन, तो याची सहा त्याची नऊ अशी सारख्या वजनाची गोळा करून संध्याकाळपर्यंत ट्रक भरतो. शेडचा खरा धंदा तोच, बारक्यांच्या मालाचा ट्रक करून देणं.
शिवाय बऱ्याच शेड स्वतःच इंटरनेटवर थेट दाखवतात आता, खुर्चीत बसलेला आणि आयोवात सोफ्यावर बसलेला दोघं एकाच वासरावर बोली लावतात.

तांबडा_पांढरा
मी टेक्ससवाला, मूळ कोल्हापूर. माझी भर वेगळी आहे, बोकड :)
सॅन अँजेलोला शेळ्या-मेंढ्यांचा लिलाव असतो, देशातला सगळ्यात मोठा तोच. ह्यूस्टन-डॅलसच्या देशी दुकानात आपण हाडासकट बोकड घेतो ना, त्यातला बराच माल या भागातून फिरून येतो. ईदच्या आधी तिथला भाव चढतोच चढतो, विद्यापीठवाले शेतकऱ्यांसाठी चक्क सणांचं कॅलेंडर छापतात, रमझान ईद कधी, बकरी ईद कधी, ऑर्थोडॉक्स ईस्टर कधी, म्हणजे पिल्लं कधी तयार ठेवायची ते कळावं. ज्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने आयुष्यात मशीद बघितली नसेल त्याला बकरी ईदची तारीख पाठ असते.
आणि एक, आपल्यासाठी खास. इथल्या दक्षिणेकडच्या लिलावात वशिंडवाली लांब कानाची गुरं दिसतात, ब्राह्मन म्हणतात. ती आपलीच ओ! गीर, कांकरेज, नेलोर आणि आपल्या कृष्णाकाठची गुरं यांच्यापासून अमेरिकेत तयार केलेली जात. ऊन सोसतात, गोचीड सोसतात, म्हणून इथे मान आहे. तीच उत्तरेकडे नेब्रास्कात नेली की 'कान आहेत' म्हणून पाउंडामागे भाव पाडतात. काळी अँगस असली की डोळे झाकून दोन पैसे जास्त. कृष्णाकाठच्या माणसाला याचा राग येणारच.

मिसुरीची_माई
'थोडे कान आहेत' हे आमच्याकडेही ऐकू येतं हो! मला वाटायचं कानाला काही आजार आहे त्या वासराच्या.

शुद्ध_शाकाहारी_७
नऊ वासरांची आणि आईपासून तोडण्याची वर्णनं इतक्या चवीने लिहिताना कोणालाच काही वाटत नाही का? आपण कुठल्या संस्कृतीतले आहोत?

चुलत_काउबॉय
आलेच.

शाहू_मिल_चाळ
@शुद्ध_शाकाहारी_७ वाटतं हो काहींना, पण धाग्याचा प्रश्न शेड किती आणि कशासाठी हा आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी पण येईन लिहायला. दुधाच्या चहाचं काय होतं तेही बोलू तिथे.

गणिती_गण्या
@बाप्या, ट्रकचा मुद्दा मान्य करायला लागतोय. पण उघड बोली म्हणजे रास्त भाव हे मात्र मान्य नाही. शंभर खुर्च्या असतील, पण खरे खरेदीदार किती? चार? पाच? ते रोज एकमेकांना भेटतात, एकाच कॅफेत जेवतात. त्यातले दोघं एकाच फीडलॉटसाठी घेत असले तर? आणि वरच्या टोकाला तयार गोऱ्हे-कालवडींपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास चारच कंपन्या कापतात, टायसन, जेबीएस, कारगिल, नॅशनल बीफ. वर चार, खाली चार, मध्ये शेतकरी.

बँकवाला_बाप्या
हा बरोबर दुखऱ्या जागी बोट. आपसात ठरवून बोली न लावणं बेकायदा आहे, १९२१ चा कायदा आला तोच मुळात त्या काळच्या पाच बड्या पॅकरांच्या दादागिरीमुळे. पण सिद्ध करणं अवघड. लहान शेडमध्ये बर्फ पडलेल्या दिवशी दोनच खरेदीदार पोचले तर भाव पडतो, त्याला कट लागत नाही. अशा वेळी चांगला लिलाववाला स्वतः बोली लावतो, नाव जाहीर करून, पडत्या भावाला टेकू म्हणून. दोन-चार वेळा नुकसान खातो पण गिऱ्हाईक सांभाळतो. म्हणूनच शेतकरी जवळची शेड सोडून कधीकधी शंभर मैल लांबच्या शेडला जातात, जिथे खुर्च्यांवर माणसं जास्त तिथे.
आणि बुडवाबुडवी पण होते. २०१० मध्ये इंडियानातला एक बडा दलाल बुडाला, तेरा कोटी डॉलरच्या आसपासचे चेक परत आले, तीसेक राज्यांतले लोक अडकले, त्यात किती तरी लिलाववाले, ज्यांनी शेतकऱ्याला आपल्या खिशातून आधीच पैसे दिले होते. त्यानंतर दहा वर्षं भांडून २०२० च्या शेवटी कायदा झाला, की दलालाने घेतलेल्या आणि पैसे न दिलेल्या गुरांवर आधी विकणाऱ्याचा हक्क, मग बँकेचा. मी बँकेचा माणूस असून सांगतो, योग्य झालं.
पण एक फायदा कोणी बोलत नाहीये. बऱ्याच शेडमध्ये सरकारी कृषी खात्याचा माणूस बसून भाव लिहितो, संध्याकाळी तो अहवाल फुकट सगळ्यांना. कोपऱ्यातला तीस गायींवाला पण बघू शकतो की पाचशे पाउंडाच्या गोऱ्ह्याला आज काय मिळालं. २०२५ मध्ये तो आकडा पाउंडाला चार डॉलरच्या घरात गेला, म्हणजे एक वासरू दोन हजार डॉलर! व्हिडिओवर किंवा घरी बसून विकणारा पण सौदा करताना शेडचाच भाव समोर ठेवतो. शेड बंद झाल्या तर तो मोजणार कशावर?

नगरी_हिसका
पाचशे पाउंड म्हंजे सव्वादोनशे किलो. दोन हजार डॉलर म्हंजे पावणेदोन लाख रुपये. एका वासराचं. मी आमच्या एचएफच्या गोऱ्ह्याकडं बगतोय आन ते माझ्याकडं बगतंय.

पडवीतला_पाहुणा
वा, मी साधा प्रश्न टाकला आणि इथे ग्रंथ झाला. एक राहिलं, ती पुकारणाऱ्याची टकळी, ती कळते का कोणाला? मला यूट्यूबवर नुसतं डबडबडबडब ऐकू आलं.

मिसुरीची_माई
कळते, सवयीने. त्यात दोनच आकडे असतात, हातात असलेला भाव आणि पुढचा मागितलेला, मधे नुसता भरणा, ताल टिकवायला. एकदा ते दोन आकडे कानाला लागले की बाकीचं आपोआप गळून पडतं. त्यांची जागतिक स्पर्धा असते दर वर्षी, १९६३ पासून, दर वेळी वेगळ्या शेडमध्ये, आणि खरीखुरी गुरं खऱ्या खरेदीदारांना विकतच, नाटकी नाही. बोली लावणारे मात्र अजिबात आवाज करत नाहीत, पेनाचं टोक हलतं, नाहीतर भुवई. आजींना विचारलं कोणी घेतली तुमची वासरं, तर म्हणाल्या तो तिसऱ्या रांगेतला, बूट हलवतो तो.

तांबडा_पांढरा
@पाहुणा परत जाणार असाल तर व्हॅलेंटाइनला गुरुवारी जा. ओक्लाहोमा सिटीकडून जाणं झालं तर तिथलं जुनं यार्ड १९१० पासून आहे, सोमवारी, वरच्या लाकडी पुलावरून चालत खालची सगळी गुरं बघता येतात. तिकीट-बिकीट काही नाही.

विदर्भाचा_वारा
उशिरा आलो. बाप्या दादा, ते ब्रँड तपासणी म्हणाले ते काय असते जी? अजून डाग देतात का गुरांना तिकडे? कानातल्या बिल्ल्यावर भागत नाही?

बँकवाला_बाप्या
देतात. नेब्रास्काच्या पश्चिमेकडच्या दोन-तृतीयांश भागात विकायच्या आधी ब्रँड इन्स्पेक्टर गुराच्या अंगावरचा डाग बघतो, मालकाच्या नावावरच्या नोंदीशी जुळतो का, थंडीत केस वाढलेले असले की कातरून बघतो. पूर्वेकडे आणि मिसुरीत ही सक्ती नाही. बिल्ला वेगळ्या कामाचा, तो आजाराचा माग काढायला. नोव्हेंबर २०२४ पासून दीड वर्षावरची न खच्ची केलेली गुरं आणि दुधाची गुरं राज्याबाहेर न्यायची तर यंत्राने वाचता येणारा बिल्ला लागतो. बऱ्याच शेडमध्ये पैसे घेऊन तिथेच मारून देतात, पण नोव्हेंबरात रांग असते तेव्हा घरून मारून आणलेला बरा. बिल्ला कातरून टाकता येतो हो, डाग नाही, म्हणून चोरीच्या भागात डागच चालतो अजून.